रस्त्याच्या कडेला उभे असलेले बालपण

उत्तर इटलीच्या नकाशावर पिआचेन्झापासून रिमिनीपर्यंत जाणारी एक जवळजवळ सरळ रेषा दिसते. तिचे नाव व्हिया एमिलिया. इ. स. पूर्व १८७ मध्ये मार्कस एमिलियस लेपिडस या रोमन कॉन्सुलने हा मार्ग आखला आणि पुढे त्याच्याच नावावरून या प्रांताला एमिलिया हे नाव पडले. पार्मा, रेज्जो, मोदेना, बोलोन्या ही शहरे या मार्गावर माळेतील मण्यांसारखी ओवलेली आहेत. दोन्ही बाजूंना पो नदीचे सपाट, सुपीक मैदान, द्राक्षमळे, गव्हाची शेते आणि गावोगावी लोखंडकामाच्या लहानमोठ्या कार्यशाळा. शेतीची अवजारे आणि घोडागाड्या दुरुस्त करता करता येथील हात मोटारीकडे वळले. आज मोदेना आणि बोलोन्या यांच्या परिसरात फेरारी, मासेराती, लाम्बोर्गिनी आणि पगानी या चारही नामांकित स्पोर्ट्स कारचे कारखाने आहेत. इतक्या लहान टापूत इतके कारखाने एकवटल्याचे उदाहरण जगात क्वचितच सापडेल.

स्पोर्ट्स कार म्हणजे केवळ वेगवान गाडी नव्हे. जी गाडी सकाळी सार्वजनिक रस्त्यावरून चालवता येते आणि दुपारी शर्यतीतही उतरवता येते, ती स्पोर्ट्स कार, असा तिचा मूळ अर्थ होता. बहुधा दोनच आसने, जमिनीलगतचा बांधा आणि आकाराच्या मानाने बलवान इंजिन ही तिची लक्षणे. हिचा सराव आणि हिची परीक्षा दोन्ही गावाच्या रस्त्यावर होत असल्यामुळे तिला पाहण्यासाठी तिकीट काढावे लागत नसे. घराच्या दारात उभे राहिले तरी पुरे. म्हणूनच या प्रदेशातील मोटारींच्या वेडाचा उगम शोधू लागले, की तो बहुतेक वेळा एखाद्या बालकाच्या डोळ्यांत सापडतो.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध बालक मोदेनाचे. रेल्वेस्थानकापासून काही मिनिटांच्या अंतरावर एक लांबट, विटांचे बांधकाम असलेली जुनी इमारत आहे. एन्झो फेरारी यांचा जन्म १८९८ मध्ये येथे झाला. वडील आल्फ्रेदो यांचा धातुकामाचा व्यवसाय होता. रेल्वेसाठी लोखंडी पूल आणि छपरे तयार करण्याची कामे ते घेत. कार्यशाळा आणि घर एकाच आवारात असल्यामुळे एन्झो आणि त्याचा मोठा भाऊ यांची सकाळ हातोड्यांच्या आवाजाने उजाडत असे. व्यापारी वा कारागीर कुटुंबात वाढलेल्या कोणालाही हे वातावरण परके वाटणार नाही. धंद्याची भाषा मुलांच्या कानावर शाळेआधी पडते, ती अशीच.

६ सप्टेंबर १९०८ रोजी वडिलांनी दोन्ही मुलांना बोलोन्याजवळ मोटारींची शर्यत पाहायला नेले. एन्झो तेव्हा दहा वर्षांचा होता. त्या दिवशी फियाट गाडी चालवणारे फेलिचे नाझ्झारो जिंकले. ज्या काळात घोड्याची टाप हाच रस्त्यावरचा नेहमीचा आवाज होता, त्या काळात ताशी शंभर किलोमीटरहून अधिक सरासरी वेगाने धुळीचे लोट उडवीत गेलेल्या त्या गाड्या मुलाच्या मनातून पुढे कधीच गेल्या नाहीत. खरे तर एन्झोची बालपणीची स्वप्ने तीन होती. ऑपेरातील गायक व्हावे, क्रीडा-पत्रकार व्हावे, नाहीतर शर्यतीत गाडी चालवावी. पहिल्यासाठी गळा साथ देईना. दुसऱ्याची थोडी चव त्याने घेतली. किशोरवयातच एका फुटबॉल सामन्याचे त्याने लिहिलेले वृत्त प्रसिद्ध क्रीडा-दैनिकात छापून आले. उरले तिसरे.

ते सहज हाती लागले नाही. १९१६ मध्ये वडील आणि भाऊ दोघेही एकाच वर्षात वारले आणि घरचा व्यवसाय बंद पडला. पहिल्या महायुद्धातील लष्करी नोकरीत खेचरांना नाल ठोकण्याचे काम वाट्याला आले आणि गंभीर आजारपणामुळे तेथूनही सुटका झाली. युद्ध संपल्यावर तोरिनोला जाऊन त्यांनी फियाटकडे नोकरी मागितली, ती मिळाली नाही. त्या हिवाळ्यात व्हालेन्तिनो उद्यानातील बाकावर बसून आपण रडलो, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. पहिली शर्यतीची गाडी घेण्यासाठी त्यांनी जन्मघर विकले, असेही मोदेनात सांगितले जाते. पुढे आल्फा रोमेओचे चालक म्हणून नाव झाले, १९२९ मध्ये मोदेनात त्यांनी स्वतःचा शर्यतीचा संघ उभा केला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, कारखाना शहराच्या दक्षिणेला अठरा किलोमीटरवरील मारानेल्लो या खेड्यात नेला. १२ मार्च १९४७ रोजी त्या कारखान्याच्या फाटकातून फेरारी नावाची पहिली गाडी, १२५ एस, बाहेर पडली. केवळ दीड लिटरच्या इंजिनाला बारा सिलिंडर, हे त्या काळी धाडसच होते.

जन्मघराच्या शेजारी आता एक नवे दालन उभे आहे. यान काप्लिकी या वास्तुरचनाकाराने आखलेले त्याचे पिवळे ॲल्युमिनियमचे छत गाडीच्या बॉनेटसारखे वळणदार आहे आणि त्यावर हवा खेळण्यासाठी असाव्यात तशा फटी आहेत. पिवळा हा मोदेना शहराचाही रंग. हे संग्रहालय २०१२ मध्ये खुले झाले. दालनातील झळाळत्या गाड्या पाहून झाल्यावर जुन्या कार्यशाळेत पाऊल टाकले, की एवढ्या मोठ्या वृक्षाचे बी किती लहान होते, हे मनाला भिडते.

या भूमीवरील बालपणाचे दुसरे नाव मिल्ले मिल्या. शब्दशः एक हजार मैल. ते समजून घेण्यासाठी मान्तोवामार्गे उत्तरेला ब्रेशियाला जावे लागते. इटलीची पहिली ग्रां प्री १९२१ मध्ये ब्रेशियाजवळ झाली, परंतु पुढच्याच वर्षी हा मान मोन्झाकडे गेला. शहराच्या अभिमानाला ठेच लागली. तेव्हा आयमो माज्जी, फ्रांको माझ्झोत्ती, रेंझो कास्तान्येतो आणि जोव्हान्नी कानेस्त्रिनी या चार मित्रांनी वेगळाच घाट घातला. बंदिस्त मैदान मोन्झाकडे असेल, तर अर्धा देशच मैदान करावा. ब्रेशियाहून रोम आणि रोमहून परत ब्रेशिया, सुमारे सोळाशे किलोमीटरची ही शर्यत १९२७ मध्ये प्रथम झाली आणि ब्रेशियातच बनलेल्या ओएम गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. विजेत्यांना एकवीस तास लागले होते.

१९२७ ते १९५७ या काळात ही शर्यत चोवीस वेळा झाली. तिच्या क्रमांकांची पद्धत मुलांना विशेष आवडण्याजोगी होती. युद्धोत्तर काळात गाडीवर रंगवलेला क्रमांक म्हणजेच तिची ब्रेशियाहून निघण्याची वेळ. लहान गाड्या आदल्या रात्री एकेका मिनिटाच्या अंतराने सुटत आणि बलाढ्य गाड्या पहाटेनंतर. १९५५ मध्ये स्टर्लिंग मॉस आणि डेनिस जेन्किन्सन यांच्या मर्सिडीजवर ७२२ हा आकडा होता, कारण ती सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी निघाली. तेव्हा गावच्या चौकात उभ्या असलेल्या मुलालाही घड्याळ आणि वजाबाकी यांच्या साहाय्याने कोण पुढे, कोण मागे, हे काढता येई. मॉस यांनी ती शर्यत १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत पूर्ण केली. सरासरी वेग ताशी १५७ किलोमीटरहून अधिक. हा विक्रम पुढे कोणीही मोडू शकले नाही.

विक्रम अबाधित राहिला, याचे कारण मात्र आनंदाचे नाही. सार्वजनिक रस्त्यावर, गवताच्या पेंढ्यांखेरीज आडोसा नसताना, हजारो माणसे गाड्यांपासून हाताच्या अंतरावर उभी राहत. १९३८ मध्ये बोलोन्याजवळ एक गाडी गर्दीत घुसली. मृतांत लहान मुले होती. पुढच्या वर्षी शर्यतीवर बंदी आली, पण ती उठली. गाड्यांचा वेग वाढत गेला, रस्ता तोच राहिला.

ताझिओ नुव्होलारी हे मान्तोवा परिसराचे लाडके चालक १९५३ मध्ये वारले. त्यांच्या स्मरणार्थ दुसऱ्या वर्षापासून शर्यतीचा परतीचा मार्ग मान्तोवावरून नेण्यात आला. याच मार्गावर, ब्रेशिया अवघे चाळीसेक किलोमीटर उरले असताना, ग्विदिझ्झोलो नावाचे गाव लागते. १२ मे १९५७ रोजी दुपारी स्पेनचा अठ्ठावीस वर्षांचा आल्फोन्सो दे पोर्तागो आपला सहकारी एडमंड नेल्सन याच्यासह ५३१ क्रमांकाची फेरारी घेऊन या सरळ रस्त्यावरून निघाला होता. टायर फुटला. दोघेही गेले, आणि रस्त्याच्या कडेला उभी असलेली नऊ माणसे गेली. त्या नवांपैकी पाच मुले होती.

एकोणपन्नास वर्षांपूर्वी बोलोन्याच्या रस्त्याकडेला उभा राहिलेला मुलगा सुखरूप घरी परतला होता. त्याने पाहिलेल्या स्वप्नाची गाडी आता दुसऱ्यांच्या मुलांवर गेली होती. एन्झो फेरारी यांच्यावर खटला चालला. तज्ज्ञांच्या तपासानंतर १९६१ मध्ये ते निर्दोष ठरले. या दुर्घटनेच्या आधी वर्षभराच्या आतच त्यांनी स्वतःचा चोवीस वर्षांचा मुलगा दिनो आजारपणात गमावला होता. कायद्याने हिशेब मिटला, तरी सर्व हिशेब न्यायालयात मिटत नाहीत. त्या दिवशी जिंकलेली गाडीही फेरारीच होती. तिचे चालक पिएरो तारुफ्फी यांनी त्यानंतर शर्यतींतून निवृत्ती घेतली आणि सरकारने सार्वजनिक रस्त्यांवरील अशा वेगाच्या शर्यती बंद केल्या.

ग्विदिझ्झोलोच्या रस्त्याकडेला आज एक साधे स्मारक आहे. मोदेना आणि मारानेल्लोची संग्रहालये पाहून परतणाऱ्या प्रवाशाने येथे थांबावे. शेते तीच, रस्ता तोच सरळ. संग्रहालयात जमेची बाजू मांडलेली असते. खर्चाची नोंद येथे आहे. दोन्ही पाने वाचल्याशिवाय या छंदाचा ताळेबंद पुरा होत नाही.

आणि तरीही ती आवड मरण पावली नाही. १९७७ मध्ये मिल्ले मिल्या पुन्हा सुरू झाली, पण वेगळ्या नियमांनी. आता भाग घेता येतो तो १९२७ ते १९५७ या काळातील शर्यतीशी नाते असलेल्या जुन्या गाड्यांनाच, आणि स्पर्धा वेगाची नसून नेमकेपणाची असते. ठरवून दिलेले अंतर ठरवून दिलेल्या वेळेतच कापायचे. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजमाप होते. उशिरा पोहोचणाऱ्याचे गुण जातात, तसेच लवकर पोहोचणाऱ्याचेही. ज्या गाड्या एकेकाळी मर्यादा ओलांडण्यासाठी बनल्या, त्यांचे कौशल्य आता मर्यादा पाळण्यात पाहिले जाते. दरवर्षी सुमारे चारशे गाड्या निघतात. गेली काही वर्षे हा सोहळा जून महिन्यात होतो.

ब्रेशियाला मिलानहून आगगाडीने तासाभरात पोहोचता येते. संत एउफेमिया या जुन्या मठाच्या वास्तूत मिल्ले मिल्याचे संग्रहालय आहे. ते वर्षभर पाहता येते. परंतु सोहळ्याच्या दिवसांत गेल्यास मुख्य चौकात गाड्यांची तपासणी होऊन त्यांवर शिशाचा शिक्का बसवतानाचे दृश्य दिसते. लाल, निळ्या, चंदेरी गाड्या. सोन्यासारखे जपलेले पितळ. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर हातोड्याने, वाळूच्या पिशवीवर ठोकून, केवळ नजरेच्या अंदाजाने घडवलेले बांधे. त्यांतील एकेका गाडीची किंमत एखाद्या मध्यम उद्योगाच्या भांडवलाएवढी असू शकते. पण चौकात जमलेल्यांपैकी बहुतेकांकडे त्यांतील एकही गाडी नसते आणि पुढेही नसणार. या प्रेमाला मालकीची गरज कधीच भासली नाही. १९५० च्या दशकात वडिलांचे बोट धरून रस्त्यावर उभी राहिलेली मुले आज सत्तरी-ऐंशीत आहेत. डोळ्यांना दिसण्याआधी इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखणारी माणसे या पिढीत अजून भेटतात.

मुलाला काय दाखवावे, हे थोर माणसे ठरवतात. त्यातून त्याच्या मनात काय रुजेल, हे त्यांच्या हाती नसते. आल्फ्रेदो फेरारी यांनी एका रविवारी दोन मुलांना शर्यत दाखवली, एवढेच. त्यातून एक कारखाना, एक गाव आणि जगभर पसरलेले वेड उभे राहिले. मुलाला कोठे उभे करून दाखवावे, हे मात्र थोरांच्या हाती नक्कीच असते. इटलीला ते उमगायला तीस वर्षे आणि अनेक बालकांचे प्राण द्यावे लागले. आज व्हियाले व्हेनेझियावरील लाकडी उतारावरून शंभरीकडे झुकलेली एखादी गाडी संथपणे खाली येते, तेव्हा आजोबा नातवाला उचलून खांद्यावर घेतात, आणि पोलीस शिपाई हात आडवा करून दोघांनाही कठड्याच्या दोन पावले मागे सरकवतो.