भाऊबीज ते एकादशी

मामाचं गाव भिगवणजवळ, उजनीच्या फुगवट्याकाठी. 1980 साली धरण पुरं झालं, भीमेकाठच्या काळ्या रानांवर पाणी चढलं आणि मामाची सगळ्यात चांगली जमीन त्यात गेली. पुढे त्याच पाण्यात तो गळ टाकून बसायचा. "रान गेलं, वहिवाट आपलीच," म्हणायचा.

आमचा गळाचा हंगाम फार आखूड. दिवाळीत घरात मासळी शिजत नसे, आणि कार्तिकी एकादशीच्या वारीची तयारी लागली की आजी पुन्हा बंदी घाली. राहता राहिले मधले मोजके दिवस. धरण तेव्हा तुडुंब, सकाळी पाण्यावर धुकं. आम्ही पोरं अंधारातच तयार व्हायचो आणि मामा आपला निवांत चहात बटर बुडवून खात बसलेला. "आधी ऊन पाण्यात मुरू दे रे. गार पाण्यात मासा जेवत नाही."

खरंच होतं ते. माशाचं अंग पाण्याइतकंच गार किंवा ऊबदार असतं. पाणी थंडावलं की त्याचं पचन मंदावतं, भूकही आटते. म्हणून मामा दुपारी निघायचा आणि उन्हानं कोमटलेली उथळ कड धरायचा. पावसाळ्यात लिंबाएवढा लागणारा चाऱ्याचा गोळा आता हरभऱ्याएवढा होई. कणीक, शेंगपेंड आणि चिमूटभर ओवा. ओव्याचा खरंच उपयोग होतो का, यावर मामा आणि शेजारचे भोईतात्या यांचं कधी जमलं नाही. मला वाटतं, तो ओवा मामालाच आवडायचा.

कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. मामाला हवा असायचा रोहू. तंगुसावर मोरपिसाच्या देठाचं तरंगतं बांधलेलं असे. श्रावणात ते झपकन बुडायचं, कार्तिकात मात्र नुसतं थरथरायचं, थांबायचं, पुन्हा थरथरायचं. तेव्हा ओढायचं नाही. ते सरकायला लागलं की मगच मनगटानं हलका झटका. तोवर बोलायचं नाही, खोकायचंही नाही. आमच्यासारख्या पोरांना ही शिक्षाच.

गंमत म्हणजे हे मासे मूळचे भीमेचे नव्हेतच, उत्तरेच्या गंगेकडचे. साठलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत. 1957 साली कटकला हिरालाल चौधरी यांनी माशांच्याच पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्पचं प्रजनन घडवलं, आणि त्यानंतर हे बीज देशभरच्या धरणांत सोडणं सोपं झालं. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे हेही माझ्यासारखेच. धरणामुळं इथं आलेले."

मामी त्या रोहूचं काळ्या मसाल्यातलं कालवण करायची, सोबत ज्वारीची भाकरी. पावसाळ्यानंतर मासा पुन्हा भरलेला असतो, म्हणून चव त्याच दिवसांतली.

आता उजनीत चिलापी माजली आहे. कुरकुरीत तळली तर बरी लागते. पण कार्तिकातल्या रोहूची सर तिला नाही.