पॅलेस थिएटर : एक राहून गेलेला तास

मराठी रंगभूमीचा इतिहास आम्ही गेली पंधराएक वर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत. भावे, किर्लोस्कर, देवल, कोल्हटकर, खाडिलकर अशी नाटककारांची वंशावळ फळ्यावर मांडायची, नावांपुढे नाटके व सनावळी लिहायच्या, की तास संपला. ही नाटके कोणत्या छपराखाली झाली, तेथे शेवटच्या रांगेतल्या माणसाला काय ऐकू येत होते, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही तो पडला नव्हता. तो पडला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्याचे कळले तेव्हा. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

शाहू महाराजांनी ही वास्तू उभारली ती ‘पॅलेस थिएटर’ या नावाने. १९१५ मध्ये ती खुली झाली. केशवरावांचे नाव तिला १९५७ मध्ये मिळाले, तरी जुन्या पिढीच्या तोंडी ‘पॅलेस’ राहिलेच. शेजारी खासबागचे कुस्तीचे मैदान. १९०२ च्या युरोपप्रवासात महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि त्यातून या मैदानाची कल्पना निघाली, असे सांगतात. एकीकडे शड्डू, दुसरीकडे नांदी! हे शेजारपण आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. नाटक म्हणजे पांढरपेशांची करमणूक, हे आपल्या वाङ्मयेतिहासांनी मुकाट्याने गृहीत धरलेले. येथे मात्र पैलवान आणि गवई यांची एका राजाने एकाच आवारात सोय लावली होती.

एम. ए. ला असताना राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग आम्ही येथेच पाहिले. पैशांअभावी मागे बसावे लागे. प्रेक्षागारात मध्ये खांब नसल्यामुळे मागूनही रंगमंच अख्खा दिसे. नवख्या नटाचा पुटपुटलेला शब्दसुद्धा पोहोचे. तेव्हा आम्ही त्याचे श्रेय नटाला दिले. आज वाटते, निम्मे श्रेय भिंतींचे होते.

केशवराव ध्वनिवर्धकाच्या आधीच्या काळातले गायक नट. बालपणीच ‘शारदे’च्या भूमिकेने गाजले, १९०८ मध्ये त्यांनी ‘ललितकलादर्श’ स्थापन केली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ केले आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. ‘मानापमान’ आम्ही खाडिलकरांची संहिता म्हणून शिकवतो. पण ज्या गळ्यांसाठी लोक लोटले, ते गळे आणि त्यांना पेलणारी सभागृहे संहितेत कोठे सापडायची?

दरवर्षी आम्ही ठरवीत असू : द्वितीय वर्षाच्या मुलांना दिवसाढवळ्या, नाट्यगृह रिकामे असताना तेथे न्यायचे. एकाने रंगमंचावरून ‘शारदे’तला प्रवेश वाचायचा, बाकीच्यांनी शेवटच्या रांगेत बसायचे. कधी अंतर्गत परीक्षा आडवी आली, कधी मूल्यांकन समितीची भेट, कधी नुसता आमचा आळस. वास्तू शंभर वर्षे उभी आहे, पुढच्या वर्षीही असेलच, हा हिशेब.

आगीनंतर मुलांना घेऊन गेलो तेव्हा छप्पर नव्हते. पुनर्बांधणीची घोषणा झालेली होती. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आता बांधतील ते तेच नाट्यगृह असेल का?” आम्ही सवयीने पाठचिकित्सेकडे वळलो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध केली, तीही ‘ज्ञानेश्वरी’च, असे काहीसे सांगितले. ती म्हणाली, “पण सर, नाथांपुढे जुन्या प्रती होत्या ना?”

होत्या. दगड, लाकूड, उंची यांची मापे कागदावर उतरवता येतील, छायाचित्रे लावून कमानी पुन्हा जुळवता येतील. त्या सभागृहातल्या आवाजाची मात्र एकच प्रत होती, आणि ती आम्ही मुलांना दाखवली नव्हती.

परतल्यावर आम्ही वर्गातच तो प्रयोग केला. पंखे बंद केले, खिडक्या लावून घेतल्या. तिनेच व्यासपीठावरून ‘शारदे’तला प्रवेश वाचायला सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या वाक्याला मागच्या बाकावरून हात वर झाला, “सर, ऐकू येत नाही.”