नऊ दिवसांची वांटणी

आमच्या घरांत आजवर वांटणी झालेली नाहीं. घर एक, चूल एक, आणि वडीलबंधु दादा आमच्याहून आठ वर्षांनीं मोठे असल्यामुळें शेवटचा शब्दहि एकच. असें असतां गेल्या नाताळच्या सुटींत सर्वांनीं मिळून अंदमानास जावयाचें ठरलें, आणि जिच्यावांचून हयात गेली ती वांटणी आम्हांस साठी उलटल्यावर करावी लागली. जमिनीची नव्हे, नऊ दिवसांची. शेताची वांटणी करतांना बांधापुरती जमीन वायां जाते, हें सर्वांस ठाऊक आहे. बेटांमध्यें दिवस वांटूं लागलें म्हणजे कधीं कधीं बांधच शेताहून रुंद होतो. घरांतील वृद्ध मंडळी व मुलें बरोबर घेऊन निघणाऱ्या कुटुंबांस आमचा अनुभव उपयोगीं पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला आराखडा आमच्या चिरंजीवांचा. त्यांनीं संगणकावर एक रंगीत तक्ता तयार केला होता. पोर्ट ब्लेअरला एक रात्र, हॅवलॉक बेटावर दोन, नील बेटावर एक, परत पोर्ट ब्लेअरला एक, मग उत्तरेस दिगलीपूरला दोन, आणि अखेर पुन्हां पोर्ट ब्लेअरला एक. म्हणजे आठ रात्री आणि नऊ दिवस. (पोर्ट ब्लेअरला सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम् असें नांव मिळालें आहे, परंतु आमच्या तोंडीं जुनेंच बसलें आहे, त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी.) तक्ता दिसावयास सुंदर होता. पण आम्हीं छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें, तेवढींच वर्षें शाळेचें वेळापत्रक करण्याचें कामहि आमच्याच गळ्यांत होतें. तासांचा हिशेब आम्हांस डोळ्यांनींच दिसतो.

आम्हीं प्रत्येक दिवसाचे दोन भाग केले. विमान पहिल्या दिवशीं दुपारीं उतरणार आणि नवव्या दिवशीं दुपारीं निघणार. म्हणजे हातीं सोळा अर्धे दिवस. आतां एका बेटावरून दुसऱ्यावर जावयाचें म्हणजे सामान बांधावयाचें, खोली सोडावयाची, तासभर आधीं धक्क्यावर पोंचून सामानाची तपासणी करून घ्यावयाची, मग बोट. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला खाजगी जलद बोट दीड-दोन तासांत नेते, सरकारी बोटीला अडीच तासांच्या आसपास लागतात. पलीकडे उतरलें कीं पुन्हां गाडी, पुन्हां खोली, पुन्हां सामान सोडणें. अंतर चाळीसएक किलोमीटरच, पण अर्धा दिवस गेला म्हणूनच समजावें. तक्त्यांत अशीं तीन स्थलांतरें होतीं. दिगलीपूर तर रस्त्यानें तीनशें किलोमीटरांहून दूर. जातांना एक आख्खा दिवस आणि येतांना दुसरा. सोळांतून सात असे बांधांत गेले. उरलेल्या नवांत चार ठिकाणें पाहावयाचीं, आणि बरोबर गुडघ्यांनीं बेजार झालेले चौऱ्याहत्तर वर्षांचे दादा.

हा हिशेब मांडल्यावर दिगलीपूर गळालें. तेथें रॉस आणि स्मिथ या जोडबेटांना सांधणारी वाळूची वाट आहे; ती भरतीला बुडते व ओहोटीला उघडी पडते. ती पाहण्याची सूनबाईंस फार हौस होती, आणि त्यांचा चेहरा उतरला हें येथें प्रामाणिकपणें नमूद करतों. त्याच वाटेवरच्या बाराटांग येथील चुनखडीच्या गुहांवरहि तिच वेळ आली, परंतु तिचें कारण निराळें. तिकडे जाणारा रस्ता जारवा या आदिम लोकांच्या राखीव अरण्यांतून जातो. गाड्या पोलिसांच्या पाहऱ्यांत, ठराविक वेळीं, तांड्यानें सोडतात. वाटेंत थांबावयाचें नाहीं, छायाचित्र घ्यावयाचें नाहीं, कोणास कांहीं द्यावयाचें नाहीं. नियम योग्यच आहेत. पण जाऊन आलेले एक गृहस्थ गुहांविषयीं दोन वाक्यें बोलले आणि ‘जारवा दिसले’ हें मात्र चारदां म्हणाले. त्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं एवढेंच विचारलें कीं, आपल्या ओसरीसमोरून कोणी रोज अशा गाड्यांची रांग नेली आणि आंत डोकावून पाहिलें, तर आपण काय म्हणूं? कोणी उत्तर दिलें नाहीं. चिरंजीवांनीं तक्त्यांतून तो रकाना पुसून टाकला.

उरलीं दोन बेटें, हॅवलॉक आणि नील. १८५७ च्या संग्रामांत आपल्या लोकांवर तलवार चालविणाऱ्या इंग्रज सेनानींचीं हीं नांवें. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनीं ३० डिसेंबर १९४३ रोजीं पोर्ट ब्लेअर येथें तिरंगा फडकविला, त्या गोष्टीस ७५ वर्षें झालीं तो मुहूर्त साधून २०१८ सालीं या बेटांस स्वराजद्वीप आणि शहीदद्वीप अशीं नांवें देण्यांत आलीं. पण आम्हांस खरी मौज वाटली ती गांवांच्या नांवांची. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उखडलेल्या कुटुंबांना येथें जमिनी देऊन वसविण्यांत आलें. हॅवलॉकवर गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. नीलवर रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. एक बेट भागवताचें आणि दुसरें रामायणाचें! ज्यांचें सर्वस्व मागें राहिलें, त्यांनीं परक्या मातीला घरचीं नांवें दिलीं, हें पाहून आम्ही क्षणभर स्तब्ध झालों. ‘मग शत्रुघ्न कोठें आहे?’ असें धाकट्या नातवानें विचारलें, त्याचें उत्तर आम्हांस अद्याप सांपडलेलें नाहीं.

या दोहोंत किती रात्री कोठें द्यावयाच्या, हें ठरवितांना सूर्यालाहि विचारावें लागतें. घड्याळ आपलेंच, पण बेटें फार पूर्वेस. डिसेंबरअखेर तेथें पहांटे साडेपांचाच्या सुमारास उजाडतें आणि सायंकाळीं पांच वाजून गेले कीं सूर्य बुडतो. पुण्याहून जवळजवळ तासभर आधीं. राधानगरच्या पुळणीवरील सूर्यास्त पाहण्यासाठीं लोक दुरून येतात. पण जो दुपारच्या बोटीनें उतरेल त्याच्या हातीं अंधार लागेल. म्हणून हॅवलॉकला सकाळच्या बोटीनें जावें आणि तेथें तीन रात्री तरी द्याव्या, असें आमचें स्पष्ट मत झालें. एक दिवस प्रवाळ पाहण्यासाठीं एलिफंट बीचचा, एक राधानगरचा, आणि एक मुळींच कांहीं न करण्याचा. शेवटचा दिवस चिरंजीवांस उधळपट्टी वाटत होता. पुढें तोच त्यांनीं नारळीच्या सांवलींत झोंपून काढला. नील लहान आहे. तेथें एक रात्र पुरेल असें आम्हीं मानलें, आणि तेथेंच चुकलों. उरलेल्या चार रात्री पोर्ट ब्लेअरला, दोन आरंभीं व दोन अखेरीस.

या सर्व चर्चेंत दादा गप्प होते. त्यांची मागणी एकच होती, सेल्युलर तुरुंगांत एक सबंध दुपार. लहानपणीं आम्हीं वाचावयास शिकण्याच्या आधीं दादांनीं ‘माझी जन्मठेप’ रोज रात्रीं थोडी थोडी मोठ्यानें वाचून दाखविली होती. कंदिलाच्या उजेडांत ऐकलेला तो कोलू आमच्या स्वप्नांत येई. तेव्हांपासून दोघां भावांनीं मिळून तेथें जावयाचें ठरलेलें. साठ वर्षें तें ठरलेलेंच राहिलें. चिरंजीवांनीं तुरुंग पहिल्याच दोन दिवसांत घातला होता. दादा म्हणाले, ‘अखेरीस ठेवा. तें पाहिल्यावर मला समुद्रांत पाय घालावेसे वाटणार नाहींत.’ आम्हांसहि तें पटलें, आणि आठवा दिवस आम्हीं तुरुंगासाठीं राखला.

प्रवास ठरल्याप्रमाणें सुरू झाला. दुसऱ्या दिवशीं पोर्ट ब्लेअरसमोरचें रॉस बेट पाहिलें. आतां त्यास नेताजींचें नांव आहे. १८५८ पासून जपानी सैन्य येईपर्यंत, म्हणजे १९४२ पर्यंत, इंग्रजांचा कारभार येथून चाले. आज त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या व बंगल्यांच्या भिंती झाडांच्या मुळ्यांनीं मिठी मारून धरल्या आहेत, आणि दिवाणखान्यांत हरणें चरतात. हॅवलॉकचें वर्णन आम्ही करीत नाहीं. निळ्या पाण्याचें वर्णन वाचून कोणाचेंहि समाधान झाल्याचें ऐकिवांत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, नातीनें दिवसभर शंख-शिंपले वेंचले व ते नेण्यास मनाई असल्याचें कळतांच रडत रडत पुन्हां पुळणीवर मांडून ठेविले.

सहाव्या दिवशीं नीलला आलों. सातव्या दिवशीं दुपारीं परतावयाचें होतें. त्या दिवशीं सकाळपासूनच वारा सुटला, समुद्राचा रंग पालटला, आणि धक्क्यावर गेलों तों बोटी बंद असल्याचें कळलें. उद्यां सुटतील का? तें उद्यां कळेल. खोलीवाल्यानें आमच्या खोल्या पुन्हां उघडून दिल्या. पण आम्हीं मनांत अर्धे दिवस मोजूं लागलों आणि आमच्या पोटांत गोळा उठला. बांधानें दादांचेंच शेत खाल्लें होतें, आणि तें अखेरीस ठेवण्यास आम्हींच संमति दिली होती.

दादा मात्र काठी घेऊन बाजारांत गेले. नीलची भाजी पोर्ट ब्लेअरपर्यंत जाते. वांगीं, दोडके, पडवळ यांचे ढीग लागलेले. तेथें एका वृद्ध बंगाली शेतकऱ्याशीं त्यांची गांठ पडली. दोघांचें हिंदी सारखेंच बेताचें, त्यामुळें गप्पा चांगल्या रंगल्या. त्याच्या वडिलांनीं येथें आल्यावर रान तोडून पहिली माडांची रांग लावली, ती त्यानें दादांस नेऊन दाखविली. आठव्या दिवशीं सकाळीं ओहोटी होती. लक्ष्मणपूरच्या बाजूस समुद्रानें खडक कोरून केलेली नैसर्गिक कमान आहे. ती ओहोटीच्या वेळींच जवळून पाहतां येते. आमच्या मूळ बेतांत ती भरतीच्या वेळेस आली होती, म्हणून सुटली होती. निसरड्या खडकांवरून नातू-नातींचे हात धरून दादा तेथपर्यंत गेले, आणि डबक्यांतील मासे पाहत तासभर एका दगडावर बसून राहिले. त्यांस इतके स्वस्थ आम्हीं निवृत्तीनंतर पाहिलें नव्हतें. आम्ही मात्र धक्क्याकडे कान लावून होतों.

बोट दुपारीं उशिरां सुटली. पोर्ट ब्लेअरला उतरलों तेव्हां काळोख पडला होता आणि तुरुंगाचें दार बंद झालें होतें. नवव्या दिवशीं तें नऊ वाजतां उघडे, आणि आम्हांस साडेदहापर्यंत विमानतळावर पोंचावयाचें होतें. सबंध दुपारीऐवजीं दादांच्या वांट्यास सवा तास आला. बाकीची मंडळी सामानापाशीं थांबलीं. दादा, आम्ही आणि नात असे तिघे आंत गेलों.

१८९६ ते १९०६ या काळांत बांधलेली ती इमारत. मध्यें मनोरा, आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तिमजली चाळी. त्यांतील तीनच आज उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. दादा प्रत्येक जिन्यानंतर थांबले, पण थांबूं या असें म्हणाले नाहींत. कोठडींत कांहीं नाहीं; उंचावर एक लहान गवाक्ष, तेवढेंच. दाराची कडी बाहेर भिंतींत इतकी दूर बसविलेली कीं गजांतून घातलेला हात तिला पोंचूं नये. नातीनें हात घालून पाहिला, पोंचला नाहीं. तिनें विचारलें, ‘समोर कोण राहत असे?’ आम्हीं तिला दाखविलें कीं, प्रत्येक चाळीच्या पुढें दुसऱ्या चाळीची पाठ येते. समोर माणसाचें तोंड दिसूंच नये अशी ती रचना आहे. सावरकर १९११ सालीं येथें आले तेव्हां त्यांचे वडीलबंधु बाबाराव याच तुरुंगांत होते, आणि एका आवारांत असूनहि कितीतरी काळ दोघां भावांची भेट झाली नाहीं. १९२१ सालीं दोघांस येथून हलविलें. हें सांगतांना आमचा आवाज नीट निघेना. दादा कोठडीच्या भिंतीस हात लावून उभे होते. घड्याळाकडे आम्हींच पाहत होतों. त्यांनीं एकदांहि पाहिलें नाहीं. दहा वाजून दहा मिनिटांनीं आम्हीं त्यांच्या कोपरास स्पर्श केला, तेव्हां ते मुकाट्यानें वळले आणि आमच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरले. आम्हांस वाटतें, लहानपणानंतर प्रथमच.

गाडींत कोणी बोललें नाहीं. विमानतळासहि सावरकरांचेंच नांव आहे. तें दाराशीं वाचून दादा म्हणाले, ‘पुढच्या खेपेस तुरुंग पहिल्या दिवशीं ठेवा. आणि नीलला तीन रात्री.’

‘आणि दिगलीपूर?’ सूनबाईंनीं मागून विचारलें.

‘तें तुझ्या सासऱ्यांच्या वेळापत्रकांत बसतें का, पाहूं,’ दादा म्हणाले, आणि काठी नातवाकडे देऊन तपासणीच्या रांगेंत उभे राहिले.