भिंगकर्त्याचे गाव : स्पिश्स्का बेला

स्लोव्हाकियाच्या उत्तरेस, टाट्रा पर्वताच्या पायथ्याशी, स्पिश्स्का बेला नावाचे लहानसे गाव आहे. पोप्राद शहरातून केझमारोकमार्गे तेथे पोहोचता येते. पर्वतदर्शनास निघालेले बहुतेक प्रवासी येथे उतरत नाहीत. जे उतरतात त्यांना एका शिक्षकाचे जुने घर दाखविले जाते. ६ जानेवारी १८०७ रोजी या घरी योझेफ पेट्झव्हाल यांचा जन्म झाला. आता तेथे छायाचित्रण-तंत्राचे संग्रहालय आहे.

विवाहाच्या अल्बममध्ये वधूचा चेहरा रेखीव दिसतो आणि मागील रोषणाई विरघळून तिचे नुसते तेजोगोल उरतात. मोठ्या तोंडाच्या भिंगाची ही किमया. तिची वंशावळ शोधू लागले म्हणजे या घराशी येऊन थांबावे लागते.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रण-पद्धती जाहीर झाली, तेव्हा ती माणसांच्या फारशी उपयोगाची नव्हती. भिंगाचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, सुमारे एफ/१६ इतके बारीक असे. चित्र उमटण्यास कित्येक मिनिटे लागत. तितका वेळ निश्चल कोण बसणार? इमारती तेवढ्या बसत. ही वार्ता घेऊन आलेल्या एटिंग्सहाउझेन या प्राध्यापकमित्राने व्हिएन्ना विद्यापीठात गणित शिकविणाऱ्या पेट्झव्हाल यांच्यापुढे हा प्रश्न ठेवला. तोवर भिंगे बहुधा घासून, पाहून, पुन्हा घासून बनत. पेट्झव्हाल यांनी काच हाती घेण्यापूर्वी आकडेमोड केली. त्या कामी ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील हिशेबात तरबेज असे सैनिकही त्यांना मिळाले. १८४० मध्ये चार काचांचे, एफ/३.६ चे भिंग सिद्ध झाले.

एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. आणि प्रकाश त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सोळाला ३.६ ने भागून वर्ग केल्यास जवळजवळ वीस येतात. वीसपट उजेड! मिनिटांचे काम सेकंदांवर आले आणि चेहऱ्यांची छायाचित्रे काढणे हा एक व्यवसाय झाला.

या उजेडाची किंमतही आहे. छिद्र मोठे केले की रेखीवपणाचा पट्टा अगदी अरुंद होतो; डोळे स्पष्ट आणि कान धूसर, असे सहज घडते. पेट्झव्हाल यांच्या भिंगात तर मध्यभागच तेवढा रेखीव येई, कडा विरत जात. एकट्या व्यक्तीच्या चित्रास हा दोष शोभून दिसतो. तीन रांगांत बसलेल्या कुटुंबासाठी मात्र छिद्र लहानच करावे. मागच्या रांगेतील आजीबाईंना धूसर ठेवणारे चित्र कोणत्याही घरी स्वीकारले जात नाही.

गावापासून व्हिएन्नापर्यंतची ही कथा पुढे व्यवहारात अडकते. भिंग तयार केले फोइग्टलेंडर या व्हिएन्नातील जुन्या पेढीने. पेट्झव्हाल यांना एकरकमी दोन हजार गुल्डेन मिळाले. नफ्यातील वाट्याचा पक्का करार नव्हता. १८४५ पर्यंत दोघांचे संबंध तुटले. ऑस्ट्रियाबाहेर भिंगास एकस्वाचे संरक्षण नव्हते. १८४९ मध्ये पेढीने जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे कारखाना काढला व तेथे हेच भिंग बनत राहिले. १८६२ पर्यंत पेढीच्या भिंगांची संख्या दहा हजारांवर पोहोचली. काच घासण्याची जोखीम आणि भांडवल पेढीचे होते, हे खरेच. तरीही कल्पना ज्याची, त्याच्या खात्यावर पुढे काहीच जमा होऊ नये, हा हिशेब कोणत्याही सचोटीच्या चोपडीत जुळणारा नाही.

१८५९ साली पेट्झव्हाल यांच्या घरी चोरी झाली आणि प्रकाशशास्त्रावरील त्यांची हस्तलिखिते नाहीशी झाली. ती पुन्हा लिहिण्याचे त्यांनी मनावर घेतले नाही. ते ध्वनिशास्त्राकडे वळले. १८९१ मध्ये व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले.

२०१३ साली त्यांच्याच नावाचे एफ/२.२ चे नवे भिंग काढण्यासाठी लोमोग्राफी या कंपनीने जनतेकडून आगाऊ वर्गणी मागितली. दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. ग्राहकांना त्यात हवा होता तो पेट्झव्हाल यांच्या भिंगाचा जुनाच दोष, कडांना गरगरणारी ती धूसर पार्श्वभूमी.