वजाबाकी

नागपूरचं नंदनवन समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास आहे. गंगोत्री हिमनदीच्या काठावर, भागीरथी शिखरांच्या पायथ्याशी दुसरं नंदनवन आहे, ते ४३०० मीटरच्या वर. सतोपंथला (७०७५ मीटर) जाणाऱ्या मोहिमा तिथे तंबू ठोकतात. नागपूरच्या जगनाडे चौकातून सॅक पाठीवर घेऊन निघालेला पोरगा तिथे पोचेपर्यंत त्याच्याजवळचं काय काय कमी होतं, आणि त्या वाटेवरचं काय काय आधीच कमी झालेलं आहे, त्याची ही नोंद.

दाब. प्राणवायूचं प्रमाण दोन्ही नंदनवनांत तेच, एकवीस टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. वरच्या नंदनवनात तो समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर येतो, ५५०० मीटरला निम्म्यावर, एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांशावर. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. म्हणजे विरळ हवेची सवय करायला अख्ख्या महाराष्ट्रात एकही जागा नाही. पचमढीला जाऊन धूपगड चढा, मेडिकल कॉलेजचे जिने वीस किलो घेऊन चढा-उतरा, मांड्या तयार होतात. रक्ताला यातलं काही कळत नाही. रेशीमबागेच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्यांना हे पटवणं अवघड जातं. उलट धावणाराच वरती आधी आडवा होतो, कारण त्याला हळू चालता येत नाही.

पायवाट. सतोपंथवर पहिलं पाऊल पडलं १९४७ साली, आंद्रे रॉक आणि त्याच्या स्विस साथीदारांचं. तेनसिंग त्या मोहिमेत होते. तेव्हा गंगोत्रीच कित्येक दिवस चालून गाठावी लागे. १९५३ ची एव्हरेस्टची तुकडी काठमांडूहून थ्यांगबोचेपर्यंत अडीच आठवडे चालत गेली, आणि तिथे पोचल्यावरही आसपासच्या टेकाडांवर चढ-उतार करत राहिली. १९६४ मध्ये लुक्लाला धावपट्टी झाली आणि त्यातलं बरंचसं चालणं विमानानं गिळलं. गंगोत्रीच्या वाटेचं चालणं जीपनं गिळलं. उत्तरकाशी ११५० मीटरवर आहे, गंगोत्री ३१०० च्या आसपास. सकाळी पराठा खाऊन निघालेला माणूस दुपारी दोन किलोमीटर वर उतरतो, आणि संध्याकाळी त्याचं डोकं ठणकायला लागतं. चालणाऱ्या माणसाचं शरीर वाटेतच तयार होत असे. आता त्यासाठी कार्यक्रमात वेगळा दिवस छापावा लागतो.

तो छापलेला दिवस. नियम साधा आहे: ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. दिवसा चढून या, झोपायला खाली या. गंगोत्री ते भोजबासा हा एकच टप्पा सातशे मीटरचा आहे. म्हणजे गंगोत्रीत दोन रात्री काढायला हव्यात, नाहीतर चीरबासाला एक मुक्काम हवा. पण गिऱ्हाइकाला रजा मिळालेली असते पंधरा दिवसांची, त्यातले चार रेल्वेत जातात. कार्यक्रमाला कात्री लागते तेव्हा पहिला बळी या थांबण्याच्या दिवसाचा जातो, कारण त्या दिवशी काहीच घडत नाही, फोटोसुद्धा निघत नाही. दोन कंपन्यांचे कार्यक्रम शेजारी ठेवून बघावेत. दिवस कमी आणि पैसे कमी असा जो असतो, त्यातून नेमके हे दिवस गेलेले असतात.

भोजवृक्ष. भोजबासाला आज मोकळे दगड आहेत. भोजपत्राचं वन यात्रेकरूंच्या आणि आश्रमांच्या चुलींत गेलं. १९८१ मध्ये नंदादेवी चढलेल्या हर्षवंती बिश्त यांनी नंतर तिथे रोपं लावायला घेतली. त्या उंचीवर भोजाचं झाड किती सावकाश वाढतं हे बघितलं, म्हणजे जळणाचा हिशेब वेगळा मांडावा लागत नाही. पुढे याच बिश्त भारतीय गिर्यारोहण संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. गिर्यारोहकांनी शिखरं मोजली आणि रोपं लावणाऱ्या बाईला उशिरा खुर्ची दिली, एवढं इथे म्हणून ठेवतो.

बर्फ. गोमुखाचा, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या तोंडाचा, नकाशा १९३५ मध्ये जॉन ऑडेननं केला. हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला भूगर्भशास्त्रज्ञ, कवी ऑडेनचा भाऊ. त्याच खात्याच्या मोजणीप्रमाणे १९३५ ते १९९६ या काळात हिमनदीचं तोंड हजार मीटरहून जास्त मागे सरकलं. या खात्याचं एक कार्यालय आमच्या सेमिनरी हिल्सवर आहे. त्याच्या फाटकासमोरून अर्धं नागपूर रोज जातं. नंदनवनला जायची वाट गोमुखापुढे हिमनदी ओलांडते, आणि ही वाट कुणी पक्की सांगू शकत नाही. मागच्या वर्षीचा गाइडसुद्धा या वर्षी आधी थांबतो, बघतो, मग दगडांवर दगड रचून खूण करतो.

भूक. ही बिनबोभाट जाते. ४३०० मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपास उकळतं, कुकर नसेल तर डाळ शिजत नाही. पण शिजलेली डाळही नकोशी होते. तेलकट, तुपकट आधी सुटतं, गोड थोडं जास्त टिकतं. नागपूरची मुलं संत्रा बर्फी नेतात, ती संपते. चिवडा परत येतो. ठेच्याची बरणी मात्र तिसऱ्या दिवसापासून तंबूतंबूंतून फिरते, कारण जिभेला जाणवेल असं तेवढंच उरलेलं असतं.

सोड्याची चव. उंचीच्या आजारासाठी डायमॉक्सची गोळी घेणाऱ्याची जाते. गोळी मूळची मूत्रपिंडावर काम करणारी. रक्तातला बायकार्बोनेट ती लघवीवाटे बाहेर काढते, रक्त थोडं आम्ल होतं, त्यामुळे मेंदू श्वास वाढवायला हरकत घेत नाही. शरीर हेच काम स्वतःही करतं, फक्त सावकाश. गोळीनं बोटांना मुंग्या येतात आणि फसफसणारी पेयं बेचव लागतात. परतीच्या वाटेवर धाब्यावर कोल्ड्रिंक मागवून बाटलीकडे संशयानं बघणारी पोरं त्यामुळेच दिसतात.

लाज. वर लघवीची चर्चा चारचौघांत होते. जास्त होणं चांगलं लक्षण आहे. सकाळी चहा देताना गाइड विचारतो, "रात को कितनी बार उठे?" नागपुरात हा प्रश्न साठीनंतर डॉक्टर विचारतात. तिथे बावीस वर्षांची मुलगी "चार" असं छाती पुढे काढून सांगते.

झोप. नंदनवनच्या पहिल्या रात्री शेजारच्याचा श्वास ऐकू येतो. तो हळूहळू मोठा होतो, मग बारीक होत होत थांबतो. दहा सेकंद, पंधरा सेकंद. मग एक मोठा उसासा आणि पुन्हा पहिल्यापासून. मरत वगैरे कुणी नसतो. विरळ हवेत जास्त श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, तो उतरला की मेंदू श्वास थांबवतो, प्राणवायू घटला की परत सुरू करतो. इतक्या जणांची झोप अशी मोडते, की आजार ओळखण्याच्या 'लेक लुईस' गुणपत्रिकेतून २०१८ मध्ये झोपेचा प्रश्नच काढून टाकला. उरले चार: डोकेदुखी, पोट, थकवा, चक्कर. प्रत्येकी शून्य ते तीन. डोकं दुखतंय आणि बेरीज तीन किंवा जास्त, तर उंची लागली असं समजायचं. पुढे चढायचं नाही.

९४. रक्तातल्या प्राणवायूचा हा आकडा नागपूरला २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, पाठ झाला. बोटाला चिमटा लावून त्याच्याखाली उतरलं की घर हादरायचं. वरच्या नंदनवनात ८५ दिसलं तरी माणूस चहा पीत गप्पा मारत असतो. ज्यानं घरातल्या कुणासाठी रात्रभर तो आकडा बघितलेला आहे, त्याला तिथे पहिले दोन दिवस फार जड जातात. आकड्याची भीती जायलाही मुक्काम लागतो. आणि उलटंही आहे: आकडा बरा, पण सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता येत नाही, बोलणं अडखळतंय, तर मेंदूला सूज आहे. तिथे आकडा बघत बसायचं नसतं, माणसाला त्याच रात्री खाली न्यायचं असतं.

स्वतःबद्दलचा अंदाज. वरच्या यादीतली सगळ्यात धोक्याची घट हीच. ज्या मेंदूनं "मी ठीक नाही" असं सांगायचं, त्यालाच प्राणवायू कमी पडतो. म्हणून बरोबर गाइड हवा. पण पैसे भरलेला माणूस डोकेदुखी लपवतो, आणि पैसे घेतलेला माणूस "परत फिर" म्हणायला कचरतो. व्यावसायिक मोहिमेत ही अडचण कायमची आहे. तिच्यावर अजून गोळी निघालेली नाही.

सैन्याला हे सगळं फार महागात कळलं. १९६२ च्या आगेमागे मैदानातले जवान विमानानं एकदम उंचीवर उतरवले गेले, आणि गोळी न लागताच आजारी पडले. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ सैनिकांच्या नोंदी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापल्या. पुढे सैन्यानं वेळापत्रक ठरवलं: ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, १५ हजारांपर्यंत चार, त्याच्या वर आणखी चार. सहा-चार-चार. आपल्याकडे उंचीबद्दल जे काही शिस्तीनं पाळलं जातं ते एवढंच, कारण तिथे रजेचा प्रश्न येत नाही.

वेळ देऊन काय होतं त्याचं उदाहरण विदर्भातच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची दहा आदिवासी मुलं 'मिशन शौर्य'मधून २०१८ साली एव्हरेस्टला गेली, पाच माथ्यावर पोचली. त्याआधी दार्जिलिंग आणि लडाखला त्यांची तयारी झाली होती. चंद्रपूरचा मे महिना ज्यांना माहीत आहे त्यांना या पाचचा अर्थ कळेल.

फेऱ्या. एव्हरेस्टवर पूर्वी बेस कॅम्पहून वरच्या तळांवर जाऊन परत खाली यायचं, असं दोन-तीनदा करत. याला रोटेशन म्हणतात. आता श्रीमंत गिऱ्हाईक घरच्या पलंगावर कमी प्राणवायूचा तंबू लावून आठवडेच्या आठवडे त्यात झोपतो. २०२५ च्या मे महिन्यात चार ब्रिटिश गडी अशी तयारी करून, शिवाय झेनॉन वायू हुंगून, लंडन सोडल्यापासून आठवड्याच्या आत एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन आले. झेनॉननं काही साधतं याला पुरावा नाही, असं जागतिक गिर्यारोहण महासंघाच्या वैद्यकीय मंडळानं आधीच सांगितलं होतं. यावर नाक मुरडणं सोपं आहे. मीही मुरडलं असतं, पण १८ एप्रिल २०१४ आठवतो. खुंबूच्या हिमप्रपातात त्या सकाळी सोळा नेपाळी कामगार गेले. गिऱ्हाइकाची एक फेरी कमी म्हणजे त्याच्यासाठी त्या भेगांमधून वाहून न्यायची काही ओझी कमी. फेऱ्या गेल्या याचं दुःख मला आहे, शेर्पाच्या बायकोला असेलच असं नाही.

तांबड्या पेशी. मूत्रपिंडातून निघालेला हुकूम हाडांच्या मगजात जातो आणि आठवडेच्या आठवडे त्या वाढतात. त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या एकदोन दिवसांतच, रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं, म्हणजे रक्त दाट होतं. एवढ्या कष्टानं कमावलेलं हे धन हरिद्वारला उतरलं की गळायला लागतं. नव्यानं तयार झालेल्या पेशी शरीर स्वतःच मोडीत काढतं. काही आठवड्यांत खातं पूर्ववत. पुढच्या वर्षी पुन्हा गंगोत्रीपासून सुरुवात, अनुभव कितीही असो. बिमला नेगी-देऊस्कर यांच्यासारख्या १९९३ च्या महिला एव्हरेस्ट मोहिमेतल्या नागपूरकर बाईंनाही यात सवलत नाही.

आणि परत यायचं तेही नेमकं नवतप्यात. २५ मेला सुरू होणारे ते नऊ दिवस. उन्हाची सवय हीही शरीराची तयारीच आहे, आणि ती उंचीच्या अगदी उलट. उन्हात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, घामातलं मीठ कमी होतं. याला एक-दोन आठवडे लागतात. बर्फातून आलेला गडी ही सवय तिकडेच सोडून, दाट रक्त घेऊन ४५ अंशांत स्टेशनवर उतरतो. शेजारच्या काकू दारातच पन्ह्याचा पेला हातात देतात. "काऊन जाऊन राहिला रे बाप्पा तिकडे? इथला उन्हाळा का कमी हाये?" शरीरशास्त्राच्या दृष्टीनं प्रश्न बिनचूक आहे.

इथली यादीही लावता येईल. गच्चीवरची बाज. वाळ्याच्या ताट्या आणि त्यांच्यावर बादलीनं पाणी मारणारा घरातला सगळ्यात लहान मुलगा. बाहेर पडताना खिशात टाकलेला कांदा. मार्चपासून थोडं थोडं ऊन अंगावर घेत मेपर्यंत पोचणं. एसी लागल्यावर हेही गेलं, आणि आता नागपूरचाच माणूस मे महिन्यात पार्किंगमधून जिन्यापर्यंत जाताना पाहुण्यासारखा गडबडतो. एसीला मी नावं ठेवत नाही, माझ्याकडेही आहे.

वरून आलेल्याला मात्र दहा दिवस जपावं लागतं. दुपारी घराबाहेर नको, पाण्यात मीठ-साखर हवी, पळणं सकाळी सहाच्या आत आणि तेही निम्मं. थांबण्याचे दिवस इथेही हवेत.

रजा. ती संपलेली असते.