तलवारीमागची फाईल

मी एका फायलीच्या प्रेमात पडले आहे! जाडजूड, कडा झिजलेली, रिंगांची फाईल. घरी कुणाला सांगितलं तर हसतात. हसू देत. आपल्या माणसांना हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये.

झालं असं, की ३० जुलै २०१२ला लंडन ऑलिम्पिकमध्ये दक्षिण कोरियाची शिन ए-लाम तलवारबाजीच्या उपांत्य फेरीत हरली. घड्याळावरचा शेवटचा सेकंद काही केल्या संपेना आणि त्यातच जर्मनीच्या ब्रिटा हायडेमाननं निर्णायक वार नोंदवला. दाद मागितली गेली आणि तोवर शिन त्या लांबट मंचावर जवळजवळ तासभर रडत बसून राहिली. आमची लेक टीव्हीसमोरून हलेना. म्हणाली, "आई, मला हेच शिकायचंय." रडणारी बाई बघून कुणाला तो खेळ शिकावासा वाटतो? आमच्या कार्टीला वाटला.

आम्ही राहतो इंग्लंडातल्या एका लहान गावात. इथला तलवारबाजीचा क्लब म्हणजे शाळेचा हॉल, संध्याकाळी भाड्यानं घेतलेला. ना झगमगाट, ना कपाटभर करंडक. दारावर मात्र एक पाटी होती: क्लबमार्क. ही काय भानगड, असं मी सहज विचारलं आणि क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी चहा पुढे ठेवून ती फाईलच माझ्यासमोर उघडली.

क्लबमार्क हा स्पोर्ट इंग्लंड या सरकारी संस्थेनं २००२मध्ये सुरू केलेला शिक्का. मुलं जिथं खेळतात, त्या क्लबांसाठी. शिकवणं कसं चालतं, मुलांची काळजी कोण घेतं, क्लबची दारं सगळ्यांना उघडी आहेत का आणि कारभार चोख आहे का, एवढं तेव्हा बघत. आमच्या खेळासाठी ते काम ब्रिटिश फेन्सिंग ही राष्ट्रीय संघटना करायची. आणि ऐका, किती पदकं आणली, हा प्रश्नच त्यात नव्हता! आपल्याकडे क्लासच्या फलकावर पहिल्या आलेल्यांचे फोटो बघून वाढलेली मी. पानं उलटत राहिले, पदकं काही सापडेनात.

सापडलं ते वेगळंच. जाळीदार मुखवट्यांची नोंदवही! टोकदार पंच बारा किलोच्या दाबानं जाळीत रुतवून बघायचा. जाळी फाकली, तर मुखवटा बाद. हे का? तर १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत मॉस्को ऑलिम्पिकचा विजेता व्लादिमिर स्मिर्नोव्ह याच्या मुखवट्यातून प्रतिस्पर्ध्याचं तुटलेलं पातं आत शिरलं आणि काही दिवसांनी तो गेला. त्यानंतर पात्यांचं पोलाद बदललं, जॅकेटात केव्हलार आलं, मुखवटे भक्कम झाले. जॅकेटच्या आत तलवारीच्या हाताला आणखी एक अर्धं जॅकेट घालतात, त्याला काखेत शिवण नसते, कारण शिवण उसवली तर पातं तिथूनच शिरायचं. केवढा विचार! लेकीला ते चढवताना माझेच हात थरथरत होते, भीतीनं नव्हे, कौतुकानं.

पण मी खरी थबकले ती पुढच्या पानांवर. तलवारबाजीत एकट्याचा धडा असतो. एक प्रशिक्षक, एक मूल, समोरासमोर. मनगट इतकं वळव, खांदा सैल सोड, हे सगळं त्यातच शिकता येतं, सांघिक कवायतीत नाही. म्हणजे खेळाचा आत्मा जिथं, धोकाही तिथंच. फायलीत लिहिलं होतं: हा धडा हॉलमध्येच, सगळ्यांच्या नजरेसमोर. पवित्रा सुधारायला हात लावण्याआधी मुलाला विचारायचं. शिकवणाऱ्यांच्या पोलीस नोंदी तपासलेल्या. मुलांचे फोटो काढायचे तर पालकांची सही. आणि एक वेल्फेअर ऑफिसर, जी प्रशिक्षक नाही, जिचं नाव आणि फोन भिंतीवर लावलेला. मुलांनी काही सांगायचं असेल तर थेट तिला.

या कागदांना दुखरा इतिहास आहे. पॉल हिक्सन हा ब्रिटनचा ऑलिम्पिक जलतरण प्रशिक्षक. शिकायला आलेल्या मुलींवर केलेल्या अत्याचारांबद्दल १९९५मध्ये त्याला १७ वर्षांची शिक्षा झाली. देश हादरला. २००१मध्ये खेळातल्या बालसुरक्षेसाठी स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी क्लबमार्क आला. हे कळल्यावर त्या रुक्ष फॉर्मांकडे मला रुक्ष म्हणून बघवेना.

गंमत म्हणजे हे सगळं करतात बिनपगारी माणसं. सेक्रेटरीबाई निवृत्त, खजिनदार कुणाचा तरी बाबा. फाईल पुरी करायला कित्येक रविवार गेले म्हणे, आणि कुरकुरही भरपूर झाली. शिक्का लावला म्हणून क्लब आपोआप चांगला होतो, असं सेक्रेटरीबाईही म्हणत नाहीत. मला मात्र वाटतं, नियम लिहून भिंतीवर लावला की तो मोडणाऱ्याला हटकायला माझ्यासारख्या नवख्या आईलाही तोंड फुटतं. तेवढ्यासाठी ते रविवार सार्थकी लागले.

तिकडे छत्रपती संभाजीनगरला, नाशिकला मुलं हौसेनं तलवारबाजी शिकताहेत, हे मला ठाऊक आहे. भारतीय संघटनाही १९७४पासूनची. म्हणून तुम्हाला एक विनंती. तलवारबाजी असो, पोहणं असो की कराटे, फी भरण्याआधी एवढं विचाराच: मुलांची तक्रार ऐकणारी व्यक्ती कोण, तिचा फोन कुठं लावलाय, आणि ती प्रशिक्षकाच्याच घरातली तर नाही ना?