नजरेच्या टप्प्यात

तळ्याकाठी आम्ही विमान पिशवीतून बाहेर काढले की भोवती जमलेल्या मंडळींचे दोन प्रश्न ठरलेले असतात. हे कितीला पडले, हा पहिला; आणि हे किती लांब जाते, हा दुसरा. पहिल्याचे खरे उत्तर आमच्या थोरल्या बंधूंनी वहिनींनासुद्धा दिलेले नाही, तेव्हा ते येथे छापून आणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र गेल्या काही वर्षांत बदलत गेले. त्या बदलाचीच ही हकीकत आहे.

आमचे दादा १९९६ ते २०१४ अशी अठरा वर्षे मालदीव बेटांवर विमानांचे मेकॅनिक होते. विमान म्हणजे एकच, ट्विन ऑटर. कॅनडातल्या डी हॅविलंड कारखान्याचे हे दोन इंजिनांचे विमान २० मे १९६५ रोजी प्रथम आकाशात गेले. खडबडीत, आखूड धावपट्टीवरून उठावे, बर्फावर घसरपट्ट्या लावून उतरावे आणि चाके काढून फ्लोट बसवले की पाण्यावरही चालावे, अशी त्याची घडण आहे. फ्लोट म्हणजे चाकांच्या जागी बसवायची दोन लांबट, पोकळ होडकीच. मालदीवमध्ये बेटे पुष्कळ आणि धावपट्ट्या थोड्या. त्यामुळे प्रवाशांची ने-आण करणारी ही विमाने तेथे समुद्राच्या पाण्यावरच उठतात आणि बसतात. त्यांचे वैमानिक अनवाणी असतात, हे दादांनी पहिल्या सुट्टीत येऊन सांगितले तेव्हा आमच्या आईने त्यांच्या तोंडाकडे पाहून हा मुलगा थापा मारायला शिकला असा निष्कर्ष काढला होता. पुढे त्यांनी छायाचित्रच आणले, तेव्हा कुठे तिची खात्री पटली.

त्यांचे रोजचे काम मात्र कौतुक वाटावे असे नव्हते. खारे पाणी धातू खाते. म्हणून संध्याकाळी विमान गोड्या पाण्याने धुवायचे, इंजिनाच्या पोटातूनही पाणी फिरवायचे आणि सकाळी फ्लोटच्या प्रत्येक कप्प्यात हातपंप लावून रात्री झिरपलेले पाणी उपसून काढायचे. कोणत्या कप्प्यातून किती पाणी निघाले यावरून कोणती रिव्हेट ढिली झाली असेल, हे त्यांना कळत असे. निवृत्त होऊन वसईला परतल्यावर केळी आणि पानवेल एवढ्यावर त्यांचे मन रमेना. अखेर एका पावसाळ्यात त्यांनी ओटीवर प्लायवूडची फळी मांडली आणि बाल्सा लाकडाच्या पातळ पट्ट्या कापायला सुरुवात केली.

आम्ही शाळामास्तर. आयुष्यभर पोरांचे निबंध तपासले. हत्यार म्हणाल तर लाल पेन. तरीही दादांच्या शेजारी बसून सॅंडपेपर घासण्याचे काम आमच्याकडे आले, आणि तेव्हापासून त्या विमानाविषयी आम्ही 'आम्ही' म्हणूनच बोलतो. मूळ विमानाच्या चौदाव्या हिश्शाचे मोजमाप धरल्याने पंखांची लांबी एक मीटर एकेचाळीस सेंटीमीटर झाली. वजन दोन किलोच्या आत ठेवायचेच, असा दादांचा हट्ट होता. कारण सरकारच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत 'मायक्रो' वर्गाची मर्यादा तेवढी आहे. वहिनींच्या स्वयंपाकघरातला काटा त्यासाठी सहा महिने ओटीवर मुक्कामाला आला. फ्लोट थर्मोकोलचे. तापलेल्या तारेने कापले आणि वरून काचेचे कापड एपॉक्सीने बसवले. त्यांच्या तळाला मध्यावर एक पायरी ठेवावी लागते. आम्हांला ती कापणाऱ्याची चूक वाटली होती. ती चूक नव्हे, सगळा प्राणच त्या पायरीत आहे, हे पुढे कळले.

जमिनीवरून पहिले उड्डाण २०२२ च्या नोव्हेंबरात झाले. त्याआधी सरकारी नकाशात आपली जागा हिरव्या रंगात आहे ना, हे पाहून घेतले होते. कापणी झालेल्या शेतातून ते उठेना. भाताच्या खुंटांत पुढचे चाक अडकून विमान दोनदा नाकावर आले. शेवटी ओहोटीच्या वेळेचा हिशेब मांडून पहाटे किनारा गाठला. ओली, घट्ट वाळू लांबवर पसरलेली आणि माणूस नाही. दहा-बारा पावलांत विमान उठले. आम्हांला वाटले होते, त्याला जोर करावा लागेल. ते तर वाळू नकोशी झाल्यासारखे सुटले.

दोन मोटारींचे विमान एका मोटारीच्या विमानापेक्षा दुप्पट सुरक्षित, असे कोणालाही वाटेल. आम्हांलाही वाटले. तिसऱ्याच उड्डाणात वळण घेताना डावी मोटार बंद पडली. उजवी पूर्ण जोरात ओढत होती. नाक डावीकडे फिरले, डावा पंख खाली गेला आणि विमान उलटणार असे दिसले. अशा वेळी नवखा माणूस उरलेल्या मोटारीचा जोर वाढवतो आणि विमान गमावतो. दादांनी चालू असलेली मोटारच बंद केली. दोन्ही पंखे थांबले, विमान सरळ झाले आणि नाक खाली घालून निमूट वाळूवर येऊन टेकले. "धावती मारायची, तरच वाचतं," एवढेच ते म्हणाले. घरी उघडून पाहिले, तर एका तारेचा डाख सुटला होता. तो डाख आम्ही लावलेला होता. दादांनी तो पुन्हा लावला आणि त्याविषयी चकार शब्द काढला नाही, याचे आम्हांला जास्त लागले.

पाण्यावरचा पहिला दिवस २०२३ च्या ऑक्टोबरातला. गावचे तळे तुडुंब होते, जलपर्णी एका कडेला हटलेली, वारा अजिबात नाही, पाणी आरशासारखे. आमच्या मते यापेक्षा चांगला मुहूर्त नव्हता. विमान तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेस उडवीत धावले, पण पाणी काही सोडीना. तीनदा तेच. मग दादांनी काठावरच्या एका पोराला होडी घेऊन तळ्यात गोल फिरून यायला सांगितले. पोराला वाटले, म्हातारा चिडला आहे. होडी फिरली, पाण्यावर बारीक लाटा उठल्या आणि चौथ्या धावेत विमान त्या लाटांवरून अलगद वर गेले. नितळ पाणी फ्लोटच्या तळाला चिकटून राहते. लाटांमुळे आणि त्या पायरीमुळे मध्ये हवा शिरते आणि ती पकड सुटते. खरे वैमानिकही आरशासारख्या पाण्याला बिचकतात, दादा सांगत होते. उठताना पाणी सोडत नाही आणि उतरताना ते नेमके किती खाली आहे, हे डोळ्यांना कळत नाही.

डोळ्यांचा विषय दादांनी स्वतः काढलेला तो एवढाच.

विमान उडवणे हे पुष्कळसे पाहणेच असते. शंभर मीटरवर ते काळा ठिपका होते. येते आहे की जाते आहे, पोट दिसते की पाठ, हे ओळखता आले नाही तर हातातली कळ व्यर्थ. आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते. त्यावर जुन्या लोकांची युक्ती अशी, की जो पंख खाली झुकला असेल त्याच्याखाली टेकू द्यावा तशी कळ त्या बाजूला सरकवायची. पोट-पाठ ओळखता यावी म्हणून दादांनी पंखांच्या खालच्या बाजूला रुंद काळे पट्टे ओढले होते. पुढे दर दोन महिन्यांनी ते पट्टे अधिक रुंद होत गेले. विमानही पूर्वी तळ्यापलीकडच्या माडांवरून फिरून येई, ते आता तळ्याच्या आतच वळू लागले. हे सारे आम्ही पाहत होतो. पाहत होतो असे म्हणतो, पण त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटतो, चहाचा कप बशीच्या कडेवर ठेवला जातो, या गोष्टींची बेरीज आम्ही केली नाही. हजेरीपटावरून पोरांच्या घरची स्थिती ताडणाऱ्या मास्तराला हे शोभले नाही.

२०२४ च्या डिसेंबरात एका सकाळी विमान डावीकडे लांब गेले आणि दादांनी विचारले, "कुठं आहे?"

हा प्रश्न त्यांनी आजवर कधी विचारला नव्हता. आम्ही म्हटले, "माडांच्या शेंड्यांवर. आपल्यापासून दूर चाललंय."

"पंख?"

"डावा खाली."

त्यांनी कळ किंचित सरकवली. "आता?"

"सपाट. दादा, दिसत नाही का?"

"ते मागाहून. वळवतोय, कुणीकडं वळतं ते सांग."

पलीकडच्या काठावर बाया कपडे धूत होत्या आणि दोन पोरे पाण्यात होती. दोन किलोचे विमान आणि त्याचे दोन फिरते पंखे माणसाला काय करू शकतात, याचा विचार तोवर आम्ही कधी केला नव्हता. त्या दोन मिनिटांत दुसरे काही सुचलेच नाही. घसा कोरडा पडला, तरी बोलत राहिलो. उजवा खाली, सपाट, उंची माडाएवढी, पोरांच्या बाजूला नको, अजून वळवा. विमान वळून सरळ समोर आले, पट्ट्यांवर ऊन पडले आणि दादा म्हणाले, "हं, दिसलं." एक उसळी घेऊन ते पाण्यावर बसले, आपोआप वाऱ्याकडे नाक करून थांबले आणि डुलत राहिले. फ्लोटला ब्रेक नसतो. पाण्यावरचे विमान वाऱ्याकडे तोंड फिरवते, तेवढाच त्याचा नांगर.

घरी बॅटरीच्या डब्यात डोळ्यांच्या थेंबांची बाटली मिळाली. काचबिंदूचे निदान होऊन तीन वर्षे झाली होती. दादा थेंब नेमाने घालत होते, पण सांगितले कोणालाच नव्हते, वहिनींनाही नाही. पुढच्या खेपेला आम्ही त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा समजले ते असे, की या दुखण्यात नजर बहुधा कडेकडून जाते आणि मधली शेवटपर्यंत टिकू शकते. मेंदू उणीव भरून काढतो, म्हणून रोग्याला आपण काय गमावले ते कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. औषधाने उरलेली राखता येते. सख्ख्या भावंडांना धोका अधिक असतो, म्हणून डॉक्टरांनी आम्हांलाही खुर्चीत बसवले. आमचा डोळ्यांतला दाब सध्या ठीक आहे. दर वर्षी तपासायचा आहे. ज्यांच्या घरात हे दुखणे आहे, त्यांनी चष्म्याच्या दुकानातल्या अक्षरांवर न थांबता डॉक्टरांकडून हा दाब आणि डोळ्याची शीर तपासून घ्यावी, एवढे सांगण्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला, असेही म्हणता येईल.

परतताना बसमध्ये आम्ही दादांना नियमाचे वाक्य ऐकवले. मॉडेल विमान नजरेच्या टप्प्यातच उडवले पाहिजे. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "नियमात कुणाची नजर ते लिहिलंय का?" आम्ही रागावलो. त्या पलीकडच्या बायांची आठवण त्यांना करून दिली, थोडी कठोरपणेच. नंतर आठ दिवस आमचे बोलणे बंद होते. विमान माळ्यावर गेले.

नवव्या दिवशी ते आमच्या दारात आले, ते दोन रिमोट घेऊन. एक गुरूचा, एक शिष्याचा, असे दोन रिमोट बिनतारी जोडता येतात. गुरूने कळ दाबून धरली तर विमान शिष्याच्या हातात; सोडली की त्याच क्षणी गुरूकडे परत. उडवायला शिकवण्याची हीच पद्धत. दादांनी गुरूचा रिमोट आमच्या हातात ठेवला. "तू शीक. तुझं झालं की मला शिष्य कर."

आम्ही पाच महिने संगणकावरच्या खोट्या आकाशात विमाने पाडली. दोनशेपर्यंत मोजली, मग मोजणे सोडले. नातवंडांची करमणूक झाली. त्यानंतर एका स्वस्त फोमच्या विमानाचे तुकडे झाले. २०२५ च्या मे महिन्यात, ओहोटीच्या वाळूवरून, आम्ही ट्विन ऑटर पहिल्यांदा उठवले आणि उतरवले. दादा शेजारी उभे होते आणि उतरताना ते ओरडले तेवढे आमच्या वडिलांनीही आमच्यावर ओरडले नसतील. पाण्यावर उतरवायला पावसाळा संपावा लागला.

आता आमची रीत अशी आहे. उठवणे आणि उतरवणे आमच्याकडे. तळ्याच्या मध्यावर, समोर आणि सुरक्षित उंचीवर विमान आले की आम्ही कळ दाबतो आणि म्हणतो, "दादा, घ्या." ते एक मोठे, सावकाश वळण घेतात. असे वळण आम्हांला अजून जमत नाही. आमच्या हातात विमान कोपऱ्यावर रिक्षा वळावी तसे वळते. ठिपका डावीकडे सरकू लागला की दादा स्वतःच म्हणतात, "घे." एकदा म्हणाले नाहीत. आम्ही बोट उचलले. त्यांना ते कळले असावे, कारण काही क्षण ते आपली कळ तशीच हलवत राहिले आणि मग थांबले. त्याविषयी आम्ही दोघांनीही काही बोललो नाही.

परवाच्या रविवारी विमान घरी आणून आम्ही विहिरीच्या पाण्याने धुतले, पुसले, उजेडात फिरवून पाहिले आणि ठीक आहे म्हणून सांगितले. दादांनी फ्लोट सोडवून मागितले. एकेक कानाशी धरून हलवले. "डाव्यात पाणी आहे," ते म्हणाले. आम्हांला काही ऐकू आले नाही. त्यांनी बोटाचे टोक तळावरून सावकाश नेले, पायरीपाशी थांबले आणि तेथे नख टेकवून म्हणाले, "इथं. बॉलपेननं खूण कर." केसाएवढी चीर होती. बूच काढून फ्लोट उभा धरला, तेव्हा चमचाभर पाणी ओटीवर पडले.